पानगळीच्या शेवटी लॉनची दुबार पेरणी

झाडांची पानं झडली आणि बागेतली वर्दळ थांबली की लॉनची खरी अवस्था डोळ्यांसमोर येते. उन्हात करपलेला कोपरा, पाइप टाकायला खणून पुन्हा बुजवलेली पट्टी, कुत्र्याने रोज तिथेच जाऊन पाडलेले पिवळे गोल, मुलांच्या खेळाने टक्कल पडलेला मधला भाग. बी तर कधीचं आणून ठेवलेलं असतं. पण एका सुट्टीला पाऊस लागतो, दुसऱ्या सुट्टीला पाहुणे येतात, आणि असं करत दीड महिना निघून जातो. मग प्रश्न पडतो, आता टाकू की वसंतापर्यंत थांबू?

याचं उत्तर कॅलेंडरमध्ये शोधू नका. ते मातीत आहे, आणि पाच मिनिटांत मोजता येतं. उशिरा केलेली पेरणी फसते ती बहुतेक वेळा बी वाईट म्हणून नाही, तर चुकीच्या आठवड्यात टाकलं म्हणून.

एक गोष्ट आधीच सांगतो. हा लेख हिवाळ्यात जमीन गोठते अशा भागांसाठी आणि थंड हवेत वाढणाऱ्या गवतांसाठी आहे, म्हणजे रायग्रास, केंटकी ब्लूग्रास आणि फेस्क्यू. तुमची लॉन बर्म्युडा किंवा झोयसियाची असेल तर या दिवसांत त्यांचं बी टाकू नका. त्यांना उगवायला चांगली गरम माती लागते, आणि थंडीच्या तोंडावर टाकलेलं बी फुकट जातं.

आधी थर्मामीटर, मग बियाण्याची पिशवी

मातीचा साधा थर्मामीटर घ्या. स्वयंपाकघरातला टोकदार थर्मामीटरही चालतो. सकाळी, शक्यतो रोज एकाच वेळी, टोक मातीत ५ सेंटिमीटर खोल खुपसा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि आकडा लिहून ठेवा. सलग चार-पाच दिवस हे करा. एका दिवसाच्या आकड्यावर भरवसा नको, कारण दुपारी ऊन पडलं की वरचा थर फसवतो. भिंतीलगतची उबदार जागा आणि झाडाखालची सावलीची जागा वेगवेगळ्या मोजा. एकाच अंगणात दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. हवा गार झाली म्हणून मातीही लगेच गार होत नाही. ती ऊब बराच काळ धरून ठेवते. म्हणून स्वेटर घालायची वेळ आली तरी पेरणीची वेळ टळलेलीच असेल असं नाही.

आता आकड्यांचा अर्थ बघू.

माती १० अंश सेल्सियसच्या वर असेल आणि जमीन गोठायला अजून किमान सहा आठवडे असतील, तर लगेच पेरा. थंड हवेतल्या गवतांना उगवायला १० ते १८ अंशांची माती मानवते. तुमच्या भागात जमीन साधारण कधी गोठते हे हवामान खात्याच्या नोंदींवरून किंवा जुन्या शेजाऱ्याला विचारून कळतं. तिथून उलटे सहा आठवडे मोजा. ब्लूग्राससाठी आठ मोजा, ते फार हळू उठतं.

माती ५ ते १० अंशांच्या मधे असेल तर हात आवरा. हा काळ सगळ्यात वाईट. बी धड उगवत नाही आणि धड झोपूनही राहत नाही. काही दाणे फुगून कुजतात, काहींना मोड येतात, पण मुळं खाली जायच्या आत थंडी गाठते.

आणि माती ४ अंशांच्या खाली जाऊन तिथेच राहायला लागली, तर पुन्हा पेरता येतं. आपल्याकडे याला चपखल शब्द आहे, धूळपेरणी. शेतकरी पाऊस यायच्या आधी कोरड्या मातीत बी टाकतो आणि बी पावसाची वाट बघत पडून राहतं. इथे बी पावसाऐवजी उबेची वाट बघतं. गारठलेल्या मातीत ते हिवाळाभर निजून राहतं आणि वसंतात माती तापली की आपणहून उठतं.

त्या मधल्या काळाबद्दल इतकं ठामपणे लिहितो, कारण मी स्वतः त्यात फसलो आहे. पहिल्या वर्षी एका शनिवारी स्वच्छ ऊन पडलं होतं. तेवढ्यावर भुलून मी अख्ख्या मधल्या भागात रायग्रास टाकलं. तापमान मोजलं नव्हतं. तीन आठवड्यांनी मातीवर बारीक हिरवी लव दिसली आणि मला फार आनंद झाला. पुढच्याच आठवड्यात जमीन गोठली. वसंतात गुडघे टेकून पाहिलं तर ती इवली रोपं मातीवर आडवी पडलेली होती. पांढरी मुळं उघडी होती, नखाएवढी लांब, वाळून दोऱ्यासारखी झालेली. झालं असं, की मातीतलं पाणी गोठताना फुगतं आणि वरचा थर उचलतं. वितळलं की थर खाली बसतो. हे वरखाली दहा-बारा वेळा झालं की उथळ मुळांचं रोप अक्षरशः उपटून बाहेर येतं. जुन्या गवताला या उचलाउचलीचं काही वाटत नाही, त्याची मुळं खोल असतात. नव्या रोपाचा मात्र जीव जातो.

गवत मेलंय की झोपलंय?

पेरणीआधी हे तपासाच. पिवळ्या भागातला एक झुबका मुळासकट खणून हातात घ्या. वाळलेली पाती बाजूला सारून बुडखा बघा, म्हणजे पाती आणि मुळं जिथे जुळतात ती जाडसर जागा. ती पांढुरकी किंवा फिकट हिरवी आणि टणक असेल तर गवत जिवंत आहे. पाणी आणि थोडा वेळ मिळाला की ते स्वतःच परत येईल, तिथे पेरायची गरज नाही. बुडखा तपकिरी, ठिसूळ, चिमटीत चुरा होणारा असेल तर ते गेलं.

मग कारण शोधा. नाहीतर नवं गवतही त्याच वाटेने जाईल.

गवत ओढल्यावर सतरंजीसारखं गुंडाळत वर आलं, तर खाली हुमणीने मुळं खाल्लेली आहेत. फूटभर लांबी-रुंदीचा चौकोन चार बोटं खोल उकरा आणि पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या अळ्या मोजा. आठ-दहा किंवा जास्त निघाल्या तर ती चिंतेची गोष्ट आहे. पण पानगळीच्या शेवटी औषध टाकण्यात फारसा अर्थ नसतो. अळ्या तोवर मोठ्या झालेल्या असतात आणि थंडीला घाबरून खोल जायला लागतात. नोंद करून ठेवा आणि पुढच्या उन्हाळ्यात अंडी फुटायच्या सुमारास बंदोबस्त करा. आता फक्त पेरा.

कुत्र्याच्या लघवीचे गोल ओळखायला सोपे. मधे पिवळं, कडेने गडद हिरवं. तिथे क्षार साचलेले असतात, म्हणून आधी दोन-तीन दिवस भरपूर पाणी सोडून माती धुऊन काढा. वरचा बोटभर थर खरवडून टाकला आणि नवी माती भरली तर आणखी चांगलं.

रोजच्या पायवाटेने माती दबली असेल तर एक लांब स्क्रूड्रायव्हर ओल्या जमिनीत खुपसून बघा. हाताच्या जोराने १५ सेंटिमीटर आत गेला तर ठीक. निम्म्यावर अडला तर माती घट्ट आहे. अशा मातीवर कितीही महागाचं बी टाका, मुळं आडवीच पसरतात.

झाडाखालची जागा विरळ असेल तर कारण सावली. तिथे ब्लूग्रासचा हट्ट सोडा आणि बारीक पात्याचं फेस्क्यू लावा. पानझडी झाडाखाली उशिराच्या पेरणीचा एक फायदाही आहे. पानं गळल्यापासून वसंतात नवी पालवी फुटेपर्यंत तिथे वर्षातलं सगळ्यात जास्त ऊन पोचतं, आणि रोपांना तेवढ्यात जोम धरता येतो.

बी निवडताना

उशीर झालेला असताना कोणतं बी हा प्रश्न आवडीचा राहत नाही, वेगाचा होतो.

बहुवर्षायू रायग्रास सगळ्यात चपळ. अनुकूल मातीत ५ ते १० दिवसांत उगवतं, गार मातीत दोन-तीन आठवडे घेतं. उंच फेस्क्यूला साधारण ७ ते १४ दिवस लागतात. केंटकी ब्लूग्रास १४ पासून ३० दिवसांपर्यंत घेतं. ब्लूग्रासची खुबी वेगळी आहे. ते जमिनीखालून धावरे सोडतं आणि पुढे रिकाम्या जागा स्वतःच भरून काढतं. रायग्रास आणि उंच फेस्क्यू मात्र झुबक्यातच राहतात, जिथे बी पडलं तिथेच गवत. म्हणून आता पेरायचं असेल तर रायग्रास जास्त असलेलं मिश्रण घ्या, आणि धूळपेरणी करायची असेल तर तुमच्या मूळ लॉनशी जुळेल ते. बी झोपूनच राहणार असेल तर घाई कोणाला?

पिशवीच्या पुढच्या बाजूचं हिरवंगार चित्र सोडा, मागचं लेबल वाचा. त्यावर जातीची नावं, शुद्धता, उगवणशक्ती, तणांच्या बियांचं प्रमाण आणि तपासणीची तारीख असते. शुद्धता ९८ टक्के आणि उगवणशक्ती ८५ टक्के असेल तर दोन्हींचा गुणाकार करा. साधारण ८३ टक्के. म्हणजे किलोभर पिशवीत तुमच्या कामाचं, जिवंत बी ८३० ग्रॅम. स्वस्त पिशवी बहुतेकदा इथे उघडी पडते. 'वार्षिक रायग्रास' असं लिहिलेलं बी टाळा. ते झटपट हिरवं होतं, पण वर्षाच्या आत मरतं आणि जागा पुन्हा उघडी.

घरात जुनी पिशवी पडून असेल तर फेकायच्या आधी परीक्षा घ्या. ओल्या टिश्यू पेपरवर मोजून ५० दाणे पसरा, घडी घाला, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि घरातल्या उबेत ठेवून द्या. रायग्रास असेल तर दहा दिवसांनी मोड आलेले दाणे मोजा. ४० उगवले तर उगवणशक्ती ८० टक्के, बिनधास्त वापरा. पंचवीसच उगवले तर दुप्पट टाकावं लागेल, त्यापेक्षा नवं आणलेलं बरं.

किती बी लागतं? पूर्ण उघड्या जागेवर रायग्रास किंवा उंच फेस्क्यू दर चौरस मीटरला ३० ते ४० ग्रॅम. ब्लूग्रास १० ते १५ ग्रॅम पुरे. हा फरक दाण्याच्या आकारामुळे आहे. एका ग्रॅममध्ये रायग्रासचे सुमारे ५०० दाणे असतात, ब्लूग्रासचे ३,००० हून अधिक. गवत आहे पण विरळ आहे, अशा ठिकाणी निम्मं टाका. जास्त टाकलं तर जास्त दाट होईल हा समज सोडून द्या. खेटून उगवलेली रोपं एकमेकांचं पाणी आणि प्रकाश ओढतात, लुकडी राहतात आणि बुरशीला बळी पडतात.

जमीन तयार करणं: निम्म्याहून जास्त मेहनत इथे

नवखा माणूस पिशवी फोडून बी भिरकावतो आणि पाणी मारतो. वाळलेल्या गवताच्या जाळीवर पडलेलं ते बी मातीला टेकतच नाही. दिवसा वाळतं, रात्री भिजतं, पुन्हा वाळतं आणि मरतं. बी आणि माती यांची गाठ पडली पाहिजे. या एका गोष्टीसाठी पुढचं सगळं काम आहे.

पेरणीच्या आदल्या दिवशी असलेलं गवत नेहमीपेक्षा आखूड कापा, ४ ते ५ सेंटिमीटरपर्यंत. कापलेलं गवत आणि पानं उचलून टाका. मग लोखंडी दाताळं घेऊन मेलेलं गवत ओरबाडून काढा. जोर लावून, एकदा उभं आणि एकदा आडवं. काढलेला ढीग पाहून दचकाल, पण तेवढं निघायलाच हवं. दाताळ्याखाली मातीचा रंग दिसू लागला आणि पृष्ठभागावर बारीक, उथळ खाचा पडल्या की थांबा. जुन्या देठा-मुळांचा स्पंजासारखा थर सव्वा सेंटिमीटरपेक्षा जाड असेल तर हाताने दम निघेल. तो काढायचं यंत्र एका दिवसासाठी भाड्याने आणा.

माती दबलेली असेल तर भोकं पाडायचं यंत्र फिरवा, ते मातीच्या गुंडाळ्या उपसून काढणारं. नुसते खिळे खुपसणारे बूट किंवा रोलर भोकाच्या कडेची माती उलट आणखी दाबतात. गुंडाळ्या तिथेच सोडा, वाळल्यावर दाताळ्याने फोडा. लहान जागा असेल तर बागेच्या काट्याने चार बोटांच्या अंतरावर भोकं पाडून काटा जरा मागेपुढे हलवा.

हे सगळं वाफशावर करा. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने टोचला की फुटावा, इतपतच ओल हवी. चिकण माती चिखल असताना तुडवली तर ती विटेसारखी सुकते, आणि पानगळीच्या पावसात ही चूक फार सोपी आहे. दोन दिवस उशीर झाला तरी चालेल, पण चिखलात उतरू नका.

खड्डे भरून घ्या. कडा आणि मधला भाग एका पातळीत आणा, नाहीतर पाणी साचून तिथे बी कुजेल. भर घातलेली माती पायाने हलकी दाबा. पाऊल टाकल्यावर ठसा उमटावा, पण बूट रुतू नये.

मातीचा सामू, म्हणजे पीएच, ६ ते ७ च्या दरम्यान असेल तर गवत खूश असतं. शक्य असेल तर माती तपासून घ्या. चुना टाकायचा की नाही हे अंदाजाने ठरवू नका.

बी टाकणं

वारा नसलेली वेळ निवडा. जागा मोजा, बी तोला, आणि त्याचे दोन सारखे भाग करा. एक भाग उत्तर-दक्षिण चालत टाका, दुसरा पूर्व-पश्चिम. असं केलं की पट्टे राहत नाहीत. ब्लूग्रासचं बी इतकं बारीक असतं की मुठीतून कधी सुटलं ते कळत नाही. त्यात चौपट कोरडी वाळू मिसळा, हाताला अंदाज येतो. मोठ्या जागेसाठी ढकलायचं यंत्र सोयीचं, पण लहान डागांसाठी हातच चांगला.

टाकून झालं की खाली वाकून बघा. एक चौरस सेंटिमीटर म्हणजे तुमच्या करंगळीच्या नखाएवढी जागा. त्यात दोन ते चार दाणे दिसायला हवेत. कडेला, जुन्या गवताला लागून, थोडं पुढे सरकून टाका, म्हणजे नंतर सांधा दिसत नाही.

मग दाताळं उलटं धरून, पाठीच्या बाजूने, फार हलक्या हाताने ओढा. बी ५-६ मिलिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका. थोडे दाणे वर दिसत राहिले तर उत्तम, याचा अर्थ तुम्ही फार खोल गाडलं नाही. शेवटी रोलर फिरवा, किंवा फळी टाकून तिच्यावर चाला. ही दाबण्याची पायरी बरेच जण सोडून देतात. ती सोडू नका, बी मातीला घट्ट चिकटतं ते इथेच.

वरून चाळलेल्या कंपोस्टचा पातळ थर द्या, अर्ध्या सेंटिमीटरचा. उतारावर किंवा पक्षी फार येत असतील तर गव्हाचा पेंढा भुरभुरा, पण इतकाच की निम्मी माती उघडी दिसत राहील. वैरणीचं वाळलेलं गवत वापरू नका, त्यात तणाचं बी भरलेलं असतं. तीव्र उताराला पेरणीसाठी मिळणारी विरघळणारी जाळी अंथरा आणि खिळ्यांनी टोचा.

खताबद्दल थोडक्यात. आता उगवणाऱ्या पेरणीला दर चौरस मीटरला २.५ ग्रॅम नत्र (नायट्रोजन) पुरे. पिशवीवर नत्र १० टक्के लिहिलं असेल तर खत २५ ग्रॅम. स्फुरद (फॉस्फरस) मुळांसाठी उपयोगी, पण मातीत कमी असेल तरच टाका. ते वाहून तळ्यानाल्यांत जातं म्हणून बऱ्याच ठिकाणी त्यावर निर्बंध आहेत, आपल्याकडचा नियम बघून घ्या. धूळपेरणीला मात्र खत अजिबात नको. झोपलेलं बी खात नाही, आणि खत वितळलेल्या बर्फाबरोबर वाहून जातं.

आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं आहे. तणाचं बी उगवू नये म्हणून जी औषधं मारतात, त्यातली बहुतेक गवताचं बीही उगवू देत नाहीत. पेरणीच्या आधीच्या काही महिन्यांत असं काही मारलं असेल तर त्या बाटलीवर पेरणीसाठी किती थांबायचं ते लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पाणी आणि पानं

पहिल्यांदा झारीने किंवा बारीक तुषारांनी पाणी द्या, बी वाहून जाणार नाही असं. पुढे उगवेपर्यंत वरचा सेंटिमीटरभर थर ओलसर राहिला पाहिजे. उन्हाळी पेरणीला दिवसातून दोन-तीनदा पाणी द्यावं लागतं. पानगळीच्या शेवटी ऊन मंद असतं आणि दव पडतं, त्यामुळे दिवसातून एकदा, सकाळी दहाच्या आसपास, बहुधा पुरतं. रोज बोट टेकवून बघा. बोटाला ओल लागली तर पाणी देऊ नका. गार, सतत चिंब मातीत रोपांच्या बुडाशी बुरशी धरते आणि ती घोळक्याने कोलमडतात. संध्याकाळी पाणी देणं या दिवसांत टाळाच.

रायग्रासचा कोंब पहिल्यांदा दिसतो तो सकाळच्या तिरप्या उन्हात. सुईसारखं एकच पातं, आणि बुडाशी लालसर जांभळी छटा. ती छटा दिसली की समजा, हे तण नाही, तुमचंच बी आहे. उगवल्यावर पाण्याची खेप कमी करा आणि एका खेपेचं पाणी वाढवा, म्हणजे मुळं ओलीच्या मागे खाली जातील.

या हंगामातला खरा शत्रू म्हणजे पडणारी पानं. दोन दिवस ओल्या पानांचा थर बसला की खालची रोपं पिवळी पडतात. लोखंडी दाताळं आता अजिबात लावू नका, ते रोपं उपटेल. पानं कोरडी असताना ब्लोअर मंद ठेवून, लांबून आणि तिरकी हवा मारा. ब्लोअर नसेल तर मऊ प्लास्टिकच्या पंज्याने वरच्या वर उचला. शेवटचं पान पडेपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी हे करावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण मी जितक्या लॉन वाचलेल्या पाहिल्या त्या याच कामावर वाचल्या.

थंडीच्या आधी रोपं ७-८ सेंटिमीटर झाली तर एकदा कापा, एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. पातं धारदार हवं, माती कोरडी हवी. बोथट पात्याने कोवळी रोपं कापली जात नाहीत, मुळासकट ओढली जातात. तेवढी वाढली नाहीत तर कापू नका. जुनं गवत मात्र हिवाळ्याआधी ५-६ सेंटिमीटरवर ठेवा. लांब, लोळलेल्या गवतावर बर्फाखाली बुरशी पडते.

हलकं दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडलं म्हणून घाबरू नका, या गवतांची रोपं ते सोसतात. फक्त गोठलेल्या गवतावर चालू नका. गोठलेली पाती पावलाखाली मोडतात आणि वितळल्यावर तिथे काळपट पावलं उमटतात. दोरी बांधून जागा अडवून ठेवा.

वेळ गेली असेल तर धूळपेरणी

जमिनीची वर सांगितलेली सगळी तयारी अगोदरच करून ठेवा, माती अजून हलते आहे तोवर. दाताळं मारा, खाचा पाडा, खड्डे भरा आणि मग थांबा. माती ४ अंशांच्या खाली स्थिरावली, पुढच्या आठवड्यांत ऊब परत येण्याचा अंदाज नाही, असं दिसलं की बी टाका. खाचांमध्ये बसेल इतपत दाबा. पाणी देऊ नका.

बी नेहमीच्या सव्वापट ते दीडपट घ्या. काही पक्षी खातील, काही वाहून जाईल, काही कुजेल. उतारावर आणि साचलेल्या बर्फावर धूळपेरणी करू नका, वितळणारं पाणी बी कोपऱ्यात नेऊन टाकतं. सपाट जागेवर रात्री गोठणं आणि दिवसा वितळणं चालू असेल तर मात्र तेच तुमच्या मदतीला येतं. मातीला बारीक भेगा पडतात, बी त्यात उतरतं आणि माती वरून मिटते. जी उचलाउचल रोपांना मारते, तीच बियाण्याला पेरून देते.

अगदी लहान डागासाठी आणि लगेच हिरवं हवं असेल तर तयार गवताचे रोल हा पर्याय आहे. जमीन गोठलेली नाही तोवर ते लावता येतात. खालची माती मोकळी करा, तुकडे एकमेकांना घट्ट खेटून बसवा, दाबा, आणि जमीन गोठेपर्यंत ओल राखा.

वसंतात

धूळपेरणीचं बी वसंतात एकदम उगवत नाही. आधी उन्हातल्या जागा हिरव्या होतात, सावलीतल्या दोन-तीन आठवडे मागे राहतात. उघड्या दिसणाऱ्या जागी लगेच पुन्हा पेरू नका, तेवढे दिवस वाट बघा. पाऊस नसेल तर वरचा थर ओला ठेवा, आता बी जागं झालेलं असतं आणि एक कोरडा आठवडाही त्याला मारू शकतो. रोपं दोन बोटं उंच झाली की हलकं खत द्या.

याच दिवसांत सगळे लॉनवाले तणाची उगवण रोखणारं औषध टाकतात. तुम्ही टाकू नका, या वर्षी ते तुमचंच बी मारेल. मेसोट्रायोन किंवा सिडुरॉन असलेली काही औषधं नव्या पेरणीवर चालतात, पण तुमच्या गवताच्या जातीचं नाव बाटलीवर आहे का ते बघूनच वापरा. रुंद पानांच्या तणावरचं औषधही नवं गवत तीन-चार वेळा कापून होईपर्यंत लांब ठेवा. तोवर तण हाताने उपटा, पाऊस पडून गेल्यावर, दुसऱ्या हाताने शेजारची रोपं दाबून धरून.

पहिल्या कापणीआधी एक पातं चिमटीत धरून हलकं ओढून बघा. ते तुटलं आणि रोप जागेवर राहिलं तर मुळं धरली आहेत, यंत्र बाहेर काढा. रोपच हातात आलं तर आणखी आठवडाभर थांबा.